तांबडा दोरा

मेहुणी मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानाच्या पायरीवरूनच सुरू झाली.

“भावोजी, त्या सरकारी दवाखान्याच्या तारखेची वाट बघत बसणार आहात का तुम्ही? दिवाळीला कुठं दुर्बीण घालणार म्हणे! तोवर ताईनं काय करायचं, बटणांची काजं करत बसायचं?”

“काजं तर करावीच लागतील,” मास्तरांची बायको मान वर न करता म्हणाली. “तू देतेस का करून?”

“तू गप गं. आरशात बघितलंस का स्वतःला? ब्लाउज कसला लोंबतोय अंगावर. शिंपिणीचा ब्लाउज हा!”

मास्तरांनी पायडल थांबवलं. सरकारी दवाखान्यात आधी मूळव्याधीचं मलम मिळालं होतं. मलम संपलं, रक्त काही थांबलं नाही. मग तिथल्याच डॉक्टरांना वेगळा संशय आला आणि त्यांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सांगितली. पण रांग मोठी, तारीख लांबची. संशय कसला ते तिघांनाही ठाऊक होतं. मेहुणी त्याला ‘तसलं काही’ म्हणायची. मास्तर तेवढंही म्हणत नसत.

“उद्या खासगीत जाऊ,” ते म्हणाले. “दुकान बंद ठेवतो.”

“आणि गणवेश?”

“गणवेश गेले खड्ड्यात.”

बायकोनं तेव्हा कुठं मान वर केली. गिऱ्हाइकाच्या कामाबद्दल असा शब्द त्यांच्या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता. ती घाबरली ती खरी तिथं.

खासगी दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय होतंय, मावशी?”

“पोटाचं आहे.”

“पोटाचं म्हणजे काय?”

“ते डॉक्टरांना सांगते मी,” बायको म्हणाली आणि पदर सारखा करत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

डॉक्टर बाई होत्या, म्हणून मास्तरांना बरं वाटलं. त्यांच्या पांढऱ्या कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. बायकोची नजर सारखी त्या बटणावर जात होती.

“रक्त कधीपासून जातंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“महिना-दीड महिना झाला,” मास्तर म्हणाले.

“मागच्या गणवेशांपासून,” बायको म्हणाली.

डॉक्टरांना कळेना. “मागच्या म्हणजे?”

“मागच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी. तेव्हापासून अधूनमधून.”

मास्तर खुर्चीतच वळले. “अगं, मग मला सांगायचं नाहीस का?”

“सांगितलं होतं की. तांबडा दोरा संपलाय म्हटलं नव्हतं?”

“तो तर मी आणून दिला होता,” मास्तर म्हणाले.

दुकान म्हणजे एक खोली, समोरासमोर दोन मशिनी, आणि मध्ये सदानकदा गिऱ्हाईक. लग्न झाल्यावर बायको मशीनवर बसायला लागली तेव्हा महिन्याच्या त्रासाचं चारचौघांत सांगणार कसं? म्हणून तिनं हा शब्द काढला. “अहो, तांबडा दोरा संपलाय,” असं ती म्हणाली की मास्तरांनी समजायचं, आणि तिच्या मशीनवरचं काम आपल्याकडे ओढून तिला हेमिंगच्या हातशिलाईला बसवायचं. पुढं वयानुसार ते सगळं थांबलं आणि तो शब्दही दुकानातून गेला. मास्तर तर विसरूनही गेले.

त्यामुळं मागच्या वर्षी, सगळीकडे निळ्या कापडाचे ढीग पडलेले असताना ती “तांबडा दोरा संपलाय” म्हणाली, तेव्हा हिला तांबड्याचं काय काम निघालं बुवा, असं म्हणत मास्तरांनी बाजारातून एक रीळ आणलं. पुन्हा म्हणाली, पुन्हा आणलं.

“अगं, पण तू बोलली का नाहीस नंतर?”

“तुम्ही रीळ पुढं केलंत आणि मला हसूच फुटलं. समोर त्या शाळेच्या बाई बसलेल्या. मग म्हटलं, जाऊ दे, मूळव्याध असेल. ती काय कुणालाही होते.”

आता तिनंच डॉक्टरांना तो शब्द समजावून सांगितला. एरवी नवऱ्यासमोरही उघड न बोललेली गोष्ट तिनं सरळ सांगून टाकली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी तपासणीची चिठ्ठी लिहिली.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट पाणी ती दिवसभर पीत होती. संडासातून बाहेर आली की म्हणायची, “आता अस्तर तेवढं राहिलंय आत.” मास्तर हसायचे आणि पुढचा पेला भरायचे.

तपासणी झाली, तुकडा काढून तपासायला पाठवला, पोटाचा स्कॅनही काढला. मग डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. आतड्यात गाठ आहे, कॅन्सरची आहे, आणि लिव्हरपर्यंत पोचली आहे. ऑपरेशननं ती आता निघणार नाही. औषधं देऊ, त्रास कमी करू.

मास्तरांनी विचारलं, “मागच्या वर्षी आलो असतो तर?”

डॉक्टरांनी समोरचे कागद एकावर एक ठेवले. “आता पुढचं बघू या, काका.”

बायको डॉक्टरांच्या कोटावरच्या त्या बटणाकडे बघत होती. मग म्हणाली, “डॉक्टर, ते बटण तेवढं लावून घ्या. पडेल.”

पुढच्या गणवेशांना ती नव्हती.

तिच्या मशीनवर आच्छादन घातलेलं होतं. मेहुणी येऊन काजं करून द्यायची, वाकडी व्हायची, मास्तर उसवून पुन्हा घालायचे. अशात एक गिऱ्हाईक बाई मुलीचा लाल फ्रॉक घेऊन आली. काखेत उसवला होता.

“उभ्या उभ्या टीप घालून द्या, मास्तर.”

“तांबडा दोरा संपलाय,” मास्तर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची मान समोरच्या मशीनकडे वळली.

“मग पांढऱ्यानं घाला. आतलं कोण बघतंय?”

मास्तर उठले. तिच्या मशीनचं आच्छादन बाजूला करून त्यांनी खालचा खण ओढला. सुया, खडू, मोजपट्टी, आणि मागे ओळीनं लावून ठेवलेली तांबडी रिळं. एकाचाही कागद फाडलेला नव्हता. त्यांनी एक उचललं, कागद काढला आणि दोऱ्याचं टोक शोधायला लागले.

“अहो, म्हणजे होता की!” बाई म्हणाली.

“होता,” मास्तर म्हणाले, आणि फ्रॉक उलटा करून मशीनवर बसले.