सहलीचं ड्रिल

कारखान्यात खरी आग लागायच्या आधी खोटी आग लागल्याची बोंब ठोकून सगळ्यांना पळायला लावायचं, ही ज्याची नोकरी, त्याच्या हाती घरच्या सहलीची आखणी दिली तर काय होणार, हे त्याच्या बायकोला पहिल्याच दिवशी कळून चुकलं होतं. पण बोलणार कोण? शिट्टीसाहेबांनी एकदा मनावर घेतलं म्हणजे घेतलं. तो कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीसाहेब म्हणत. कधीकधी ती गळ्यात तशीच ठेवून तो जेवायलाही बसायचा आणि बायकोने डोळे वटारले की गुपचूप काढून खिशात टाकायचा.

सहलही काही साधीसुधी नव्हती. परदेशातलं एक भलंमोठं थीम पार्क. तिथे तळ्याभोवती छोटी आगगाडी फिरते, अंधाऱ्या बोगद्यातून जाते आणि एका रंगीत किल्ल्याच्या दाराशी थांबते. त्याच्या लहानपणी घरात बिस्किटांचा एक डबा होता, त्याच्या झाकणावर हेच चित्र. आई त्यात सुया-बटणं ठेवायची आणि झाकण पुसता पुसता म्हणायची, मोठा झालास की मला या गाडीत बसव हं. हाही छाती फुगवून म्हणायचा, बसवतो. मग तो मोठा झाला. आधी नोकरी नवी होती, मग घर नवं होतं, मग मुलगी लहान होती. आईने कधी तगादा लावला नाही. फक्त ओळखीचं कुणी परदेशी निघालं की ती हळूच विचारायची, तुम्ही चाललात तिकडे ती गाडी आहे का हो?

आणि आता आईच विसरायला लागली होती. सुरुवात चष्म्यापासून झाली. चष्म्याचं काय, कुणीही विसरतं. मग गॅस चालू राहायला लागला, मग शेजारच्या बाईंचं नाव आठवेना, मग जेवून उठल्यावर ती विचारायला लागली, आज जेवायचं नाही का रे कुणाला? एकदा तिने त्याला चक्क स्वतःच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली आणि लगेच जीभ चावून हसली. तोही हसला. पण दुसऱ्याच दिवशी तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. माणसं ओळखणंही हळूहळू जाईल, कधी ते आज सांगता येणार नाही, सहलीला न्यायचं असेल तर लवकर न्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वर आणखी एक सांगितलं, की अनोळखी जागी त्या घाबरतील, तेव्हा तिथे जे जे होणार आहे ते घरी पुन्हा पुन्हा करून दाखवा, अंगवळणी पडू द्या.

झालं! जो माणूस जन्मभर दुसरं काही करत आला नाही, त्याला डॉक्टरांनी औषध म्हणून तेच लिहून दिलं.

त्याचं मागणं फार मोठं नव्हतं. त्या गाडीत आई बसेल, तेव्हा शेजारी आपला मुलगा बसलाय हे तिला कळावं. घरी परतल्यावर विसरली तरी चालेल, विमानात विसरली तरी चालेल. पण गाडीत बसल्यावर तेवढी एक फेरी तिला ते कळावं. बायकोला त्याने हे एकदाच सांगितलं, तेही भांडी पुसता पुसता, तिच्याकडे न बघता. त्यानंतर बायकोने त्याच्या ड्रिलवर एकही टोमणा मारला नाही, आणि ती टोमणे मारण्यात कुणाला हार जाणारी नव्हती.

दर रविवारी नाश्ता झाला की घराचा नकाशा बदलायचा. झोपायच्या खोलीपासून हॉलपर्यंतची चिंचोळी वाट म्हणजे विमानतळावरची रांग. स्वयंपाकघरातला मोठा ट्रे स्टुलावर यायचा, त्यात चपला, घड्याळ, चष्म्याचं घर ठेवायचं. सोफा म्हणजे विमान, आणि गाऊनचे पट्टे म्हणजे सीटबेल्ट. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दोन-दोन करून एकामागे एक लावल्या की आगगाडी, आणि टेबलावरून ब्लँकेट सोडलं की बोगदा. बायको आणि मुलगी आईबरोबर प्रवासी. मुलीला घरात चिमणी म्हणत, पण आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. त्यामुळे घोषणा करायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. विमान उशिरा सुटणार असल्याबद्दल ती इतकी मनापासून दिलगिरी व्यक्त करायची की आई तिला म्हणायची, असू दे गं बाई, तुझा काय दोष.

आणि तो? तो अंगात कारखान्याचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून दाराशी उभा. चपला ट्रेमध्ये ठेवा सांगणारा तो, पासपोर्ट बघणारा तो, गाडी सोडणारा तो. मध्येच हातातल्या घड्याळाकडे बघून मान डोलावणाराही तोच. बायको एकदा म्हणाली होती, की अरे, तू बस की आईंच्या शेजारी, शिट्टी चिमणी वाजवेल. त्यावर त्याने कारखान्यातल्या नव्या पोरांना सांगावं तसं तिला समजावलं. ड्रिल घेणारा कधी ड्रिलमध्ये नसतो. तोही सगळ्यांबरोबर पळायला लागला, तर कुणाचं कुठे चुकतंय हे बघणार कोण? बायकोने हात टेकले.

पहिल्या रविवारी सगळा विचका झाला. चपला मागितल्यावर आई रडवेली झाली, माझ्या चपला का घेता, मी काय केलंय, म्हणून वाटेतच खाली बसली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्या वेळी तिने कुरकुरत का होईना चपला काढल्या, आणि हळूहळू ती अशी काही तरबेज झाली की विचारू नका. स्वतःच चपला काढून ट्रेमध्ये नीट जोडीने ठेवायची. चिमणी रांगेत पुढे घुसली की तिला दंडाला धरून मागे ओढायची. बोगद्यात ब्लँकेटखाली अंधार झाला की सुनेचा हात घट्ट धरायची आणि पलीकडे उजेडात आली की लहान मुलीसारखी खळखळून हसायची. ते हसू बघून दाराशी उभे साहेब घड्याळाकडे बघायचं विसरायचे. मग तो उगाच शिट्टी पुसत बसायचा.

रविवारी ती त्याला साहेब म्हणायची. साहेब, इथे सही करू का? साहेब, पाणी प्यायलं तर चालेल? त्याला वाटायचं, काय झकास वठवते आई! एकदा पासपोर्ट बघताना त्याने आवाज जाड करून विचारलं, कोणाबरोबर चाललात? ती म्हणाली, सून आहे, नात आहे. आणखी कोणी? तर म्हणाली, मुलगा येतोय ना मागून, त्याला कामातनं सवड मिळाली की. सगळे पोट धरून हसले. आपली चांगलीच फिरकी घेतली आईने, असं म्हणून तोही हसला आणि तिला पास करून टाकलं. कारण सोमवारी संध्याकाळी तो कामावरून आला की तीच आई दारात विचारायची, आलास का रे, चहा टाकू? मग शंका यायची कशाला?

तिकिटं झाली, व्हिसा झाला, माळ्यावरच्या बॅगा खाली आल्या. तो आठवडा त्याने असा काही तरंगत काढला की कारखान्यात एकाने हेल्मेट घातलं नव्हतं तरी तो त्याच्यावर ओरडला नाही.

शनिवारी तो लवकर घरी आला. शेजारच्या बाई स्वयंपाकघरात आईशी बोलत बसल्या होत्या. त्याला बघताच त्या लटक्या रागाने म्हणाल्या, वा, तुम्ही परदेशी जाऊनसुद्धा आलात आणि आम्हाला ताकास तूर लागू दिली नाही! त्याने गोंधळून बायकोकडे पाहिलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, वळली नाही.

आई मात्र रंगात आली होती. विमान कसं उशिरा सुटलं, ती घोषणा करणारी पोरगी किती गोड बोलायची, चपलासुद्धा कशा तपासतात, सगळं तिने बैजवार सांगितलं. तिथला एक अधिकारी फार भला माणूस होता. गळ्यात शिट्टी, पण कधी आवाज चढवला नाही त्याने. आणि गाडी? डोळ्यांचं पारणं फिटलं. आता पुन्हा जा म्हणाल तर नाही जाणार, पाय दुखतात, पण एकदा बघून झालं.

त्याला हसू आलं. म्हणजे ड्रिल अगदी फत्ते झालं होतं. इतकं फत्ते, की सहलच मागे राहिली होती. कसं समजवायचं आता हिला, असा तो विचार करत होता, तेवढ्यात बाईंनी सहज विचारलं, मग घरचे सगळेच गेला होतात वाटतं?

आईचा चेहरा उतरला. "सून होती, नात होती," ती म्हणाली. "मुलगा तेवढा आला नाही. मी फार वाट बघितली त्याची. बोगद्यात तर सारखं वाटत होतं, आता येईल."

तो पुढे झाला, तिच्या खुर्चीपाशी खाली बसला. "आई, मी होतो ना तिथे. तो शिट्टीवाला मीच होतो."

तिने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्या क्षणी ती त्याला ओळखत होती, यात काडीचीही शंका नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "तू कुठे होतास रे?" ती म्हणाली. "तू कारखान्यात होतास. असू दे. कामं असतात माणसाला." मग बाईंकडे वळून ती हसली, की बघा, माझी समजूत घालतोय.

ती खोटं थोडंच बोलत होती. एवढे रविवार झाले, पण तिच्या शेजारी तो एकदाही बसला नव्हता. अंधारात हात धरायला सून होती, हसायला नात होती, आणि हा शहाणा दाराशी उभा राहून बघत होता, की कुणाचं काही चुकत तर नाही ना. बायको बाईंना निरोप देऊन आली, पण मी तुला सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

अजून एक रविवार हातात होता. त्याने जाकीट कपाटात टाकलं, शिट्टी चिमणीच्या गळ्यात घातली. आई आधी तयार होईना. जाऊन आलो की आपण, पुन्हा कशाला ते, म्हणून तिने अंथरूणच सोडलं नाही. मग बायको तिच्या कानाशी लागून म्हणाली, की आई, या वेळी तो येणार आहे. त्यासरशी ती उठली. तिने ठेवणीतला स्वेटर काढला. केस विंचरले, ते मनासारखे बसले नाहीत म्हणून पुन्हा विंचरले. नक्की येणार ना? विचारून विचारून तिने सुनेला भंडावून सोडलं. येणार, येणार, असं सून म्हणत राहिली आणि हॉलमध्ये खुर्चीवर बसून तो ते ऐकत राहिला. साधा शर्ट घालून, भांग पाडून, आईच्या शेजारच्या खुर्चीत तो असा अवघडून बसला होता, की जणू मुलाखतीलाच आलाय.

आई रांगेतून आली. चपला ट्रेमध्ये ठेवल्या, परत घातल्या, विमानातून उतरली. गाडीपाशी आली आणि थबकली.

"साहेब," ती अदबीने म्हणाली, "ही जागा माझ्या मुलाची आहे."

"आई, मीच आहे."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. एखाद्या चांगल्या घरच्या परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं, चेहऱ्यावरून पायापर्यंत. मग तिने सुनेचा हात पकडला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांग ना गं यांना," ती म्हणाली. "तो आला की बसेल कुठे?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. चिमणी तोंडात शिट्टी धरून बापाकडे बघत होती, वाजवू की नको ते तिला कळत नव्हतं. आपण कोण आहोत हे ओरडून सांगावं, तिला गदागदा हलवून सांगावं, असं त्याला वाटलं. पण आई सुनेच्या आड सरकली होती, आणि घाबरलेल्या माणसावर कधी ओरडायचं नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तो उठला.

आई आपल्या खुर्चीत बसली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिने तळहात पसरून ठेवला, म्हणजे कुणी बसू नये. आता तिला जरा बरं वाटत होतं. "साहेब, तुम्ही भले आहात म्हणून विचारते," ती म्हणाली. "गाडी जरा थांबवाल का? तो येतोच आहे."

"थांबवतो," तो म्हणाला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.