वाकड्या लेकरांची आई

मी रक्ताची एक जुनी पेशी बोलतेय. कंबरेच्या हाडात राहते. लिहिता-वाचता येत नाही, पण लेकरं काढायला चांगली तरबेज. रक्तातल्या लाल पेशी, त्या माझ्या लेकी.

त्या असाव्यात गोल, मऊ. माझ्या निघायच्या वाकड्या, विळ्यासारख्या. बारीक नळीत एकमेकींत अडकायच्या, वाट अडवायच्या, आणि मी आत बसून फिदीफिदी हसायची. नळी एका पोरीच्या अंगातली आहे, हे डोक्यातच आलं नाही माझ्या.

पोरगी शर्टाच्या कारखान्यात कॉलर जोडायची. सारखं लघवीला उठलं की मुकादमबाईंचं तोंड वाकडं, म्हणून दिवसभर पाणीच प्यायची नाही. अंगात पाणी कमी पडलं की माझ्या लेकींना चेव. मग ही मशीनवरच पाय धरून पांढरीफटक. बाया म्हणायच्या, सुट्टी हवी असली की हिचे पाय दुखतात. खोड्या माझ्या, बोलणी तिला.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. तिच्याच पेशी काढायच्या, आतल्या जनुकांवर बारीकशी कात्री चालवायची आणि तिलाच परत द्यायच्या. ती आईच्या पोटात असताना आम्ही निराळं, चांगलं रक्त बनवायचो, ते पुन्हा बनवायला लावायचं. म्हातारपणी मला शिकवणी! पण परत देण्याआधी औषधानं हाडं रिकामी करायची, आणि त्या औषधानं पुढे कदाचित मूल होणार नाही. पोरगी बराच वेळ नखं बघत बसली. मग सही केली.

मला काढलं, सुधारलं, गोठवलं. मागे राहिलेल्या माझ्या बहिणी औषधानं मेल्या. पोरीचे केस गेले, तोंड आतून सोललं. कशासाठी? तर मला बसायला जागा हवी.

परत आले तेव्हा खोलीभर लसणासारखा वास. नर्सताई म्हणाल्या, गोठवायच्या औषधाचा आहे. मला वाटलं, आता सगळे हात जोडतील. तिच्या आईनं आमच्या पिशवीला नुसतं बोट लावलं.

"बायांनो, फार छळलंत. आता तरी नीट वागा."

वागले. तीन आठवड्यांनी रक्ताचे आकडे चढले. आता पाय दुखत नाहीत तिचे.

परवा तिची बहीण तान्हं बाळ घेऊन आली. हिनं ते छातीशी धरलं आणि परत द्यायलाच तयार होईना. तेव्हाही माझ्या लेकी निघतच होत्या, हजारोंनी, गोल गोल. मला मेलीला थांबताही येईना.

तुम्हाला ती भेटली, तर मूल कधी, असं तिला विचारू नका. शिव्या घालायच्या तर मला घाला. मी घरीच असते.