पाठमोरं वाक्य

ताईंना आयुष्यभर कुणी पडद्यावर पाहिलं नाही, ऐकलं मात्र हजारोंनी. परक्या नट्यांच्या तोंडी आपली भाषा घालायची, हा त्यांचा डबिंगचा धंदा. सध्या त्यांच्या वाट्याला एका कॉलेजच्या सिनेमाचा दुसरा भाग आला होता. पहिल्या भागातले बरे नट पळून गेलेले, गोष्ट तीच, नुसते कपडे बदललेले, आणि थिएटरचं तोंडही न बघता थेट व्हिडिओ कॅसेटवर जायचं. शिळ्या कढीला ऊत, दुसरं काय! बड्या घरची चार कार्टी, त्यांची एक राणी, आणि राणीच्या गोड बोलण्याला भुलणारी एक गरीब गाय. राणीचा आवाज ताईंचा.

पडद्यावर चेहरा दिसत असला की ओठांशी शब्द जुळवताना नाकी नऊ येतात. पण नटीने पाठ फिरवली की रान मोकळं, वाटेल ते घाला. याला ताई पाठमोरं वाक्य म्हणत, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पहिल्या भागात राणीचं सगळ्यात विखारी वाक्य मुळात नव्हतंच. ते ताईंनी रचलं होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शाळकरी लेकीला समोर बसवून. सरावासाठी गरीब गायीची वाक्यं लेक वाचायची. मग एक दिवस म्हणाली, "आई, आज मी राणी होते." काय कौतुक वाटलं होतं तेव्हा! आवाज तर हुबेहूब आईचा. फोनवर सख्खी आत्यासुद्धा फसायची.

त्या शनिवारी सकाळी राणीचा मोठा प्रसंग होता. परीक्षेचा पेपर कार्ट्यांनी चोरलेला असतो. तो आळ गायीने अंगावर घ्यावा, कबुलीवर सही करावी म्हणून राणी तिला घोळात घेते. मग खिडकीकडे वळून उभी राहते, आणि सहा सेकंद कुणीच बोलत नाही.

"एवढी जागा रिकामी कशाला ठेवायची?" काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "टाका की ताई, तुमचं एखादं."

ताईंनी उभ्या उभ्या टाकलं. "तू चोरी केली नाहीस, हे फक्त मला माहीत आहे. म्हणून माझ्याशिवाय तुला कुणी नाही."

रेकॉर्डिंगवाल्याने अंगावर आलेला काटा दाखवला. ताई खुशीत घरी आल्या.

दुपारी लेकीची मैत्रीण आली. लेकीच्या त्या बड्या कॉलेजात स्कॉलरशिपवरच्या या दोघीच. मैत्रीण होस्टेलवर राहायची. अंगाने काडी, म्हणून सगळे तिला पेन्सिल म्हणत. अलीकडे लेक गाडीतून येणाऱ्या चौघांच्या मागे-मागे असायची, त्यामुळे पेन्सिल दिसेनाशी झाली होती. आज आली म्हणून ताईंना बरं वाटलं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"मी तुझं वाईट करेन, असं वाटतं तुला?" बाहेरच्या खोलीत लेक म्हणत होती.

साखर घालता घालता ताईंचे ओठ आपोआप हलले. हे तर राणीचं वाक्य, आणि त्यापुढचं गायीचं त्यांना पाठ होतं. नाही गं, पण मला भीती वाटते.

"नाही गं," पेन्सिल म्हणाली, "पण मला भीती वाटते."

ताईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. लेकीने आपल्या पिशवीतली सिनेमाच्या संवादांची पानं चोरून वाचली असतील, कबूल. पण पेन्सिलला कुणी पढवलं? हा सिनेमा तर अजून बाजारात यायचा होता.

त्यांनी दाराआडून पाहिलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद, पेन्सिलच्या हातात पेन.

"पण पेपर त्या चौघांनी चोरला ना?"

"कुणी का चोरेना! तू लिहून दिलंस तर नुसती समज देतील. मी बोललेय सरांशी."

साफ खोटं. सिनेमात सही केल्यावर त्याच दिवशी गायीला काढून टाकतात, तिची ट्रंक होस्टेलच्या पायऱ्यांवर येऊन पडते. पोरगी जन्माची बरबाद होणार होती, आणि त्या बदल्यात लेकीला गाडीत जागा मिळणार होती. पुढे होऊन लेकीच्या कानाखाली वाजवावी, हे सरळ होतं. पण पोटच्या पोरीचं बिंग परक्या पोरीपुढे फोडायला ताईंचा जीव धजेना. लाज वाटली.

तेवढ्यात लेक उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

एक. दोन. तिसऱ्या सेकंदाला दाराआडून ताई बोलल्या, लेकीच्या आवाजात, हलक्या सुरात. "सही करू नकोस. मी खोटं बोलतेय. तुला काढून टाकतील."

पेन्सिलला फक्त पाठ दिसत होती. तिच्या हातातलं पेन गळून पडलं. तिने मागून लेकीला मिठी मारली. "मला माहीत होतं, तू तशी नाहीस," म्हणून रडली, आणि डोळे पुसत निघून गेली.

लेक आत आली. आदळआपट करेल, अशा तयारीने ताई उभ्या होत्या. तिने शांतपणे चहाचा कप उचलला.

"मस्त जमलं, आई. चेहरा दिसत नसला की काहीही खपतं, नाही?"

ताईंनी मग तोंड सोडलं. ओरडल्या, रडल्या, सोमवारी प्राचार्यांना सगळं खरं सांगायचं अशी शपथ घातली.

"हो," लेक म्हणाली. तिने इतक्या लवकर ऐकलं म्हणून ताईंना हायसं वाटलं. रविवारी तिच्या आवडीचं जेवणही केलं त्यांनी, वेड्यासारखं.

सोमवारी सकाळी लेक कॉलेजात गेली आणि ताई स्टुडिओत. दुपारी त्या घरी येऊन चप्पल काढतात तोच घरचा फोन वाजला. पेन्सिल होती, होस्टेलच्या ऑफिसातून.

"मावशी, तुम्ही सांगितलंत तसंच केलं."

"काय केलंस?"

"सही. सकाळी तुमचा फोन आला ना. माझी लेक भित्री आहे, तिचं मनावर घेऊ नकोस, सही कर, पुढचं मी बघते, म्हणालात. तुम्ही म्हणालात म्हणून केली, मावशी. मला काढलं त्यांनी. ट्रंक बाहेर पायऱ्यांवर ठेवलीये."

"बाळा, तो फोन मी नव्हता केला! ऐक, तिथून हलू नकोस. मी आत्ता येते, आपण दोघी जाऊन सगळं खरं सांगू."

पलीकडे एकदम शांत झालं. ताईंनी सवयीने सेकंद मोजले. सहा.

मग पेन्सिलने घाबरून विचारलं, "कोण बोलतंय?"