एका ठिपक्याचा ट्रक

मी ट्रक बोलतोय. दचकू नका, बाजूला व्हायचीही गरज नाही. धूर ओकत जाणारं ते दहा चाकांचं धूड मी नव्हे. स्केटबोर्ड नावाची चाकांची फळी असते ना, तिच्या पोटाखाली धातूचे दोन आडवे भाग बसवलेले असतात. चाकं त्यांनाच लागतात. त्यांना ट्रक म्हणतात. एक पुढे, एक मागे. त्यातला मी पुढचा. हे नाव कुणी आणि का ठेवलं ते मला विचारू नका. मला तरी कुठे कुणी विचारलं होतं? मला आजवर कुणीच काही विचारलं नाही, म्हणून तर आज आपणहून तोंड उघडतोय.

माझा जन्म आत्याच्या वर्कशॉपमधला. आत्या म्हणजे भिंगरीची आत्या, आणि भिंगरी म्हणजे जिच्यासाठी मला घडवलं ती. तिचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण पोरगी लहानपणापासून एका जागी थांबेना, म्हणून घरात सगळे भिंगरीच म्हणायचे. आत्या पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवायची. एक लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल आणि कोनाड्यात एक रेडिओ. रेडिओ रोज सकाळी लागायचा आणि मशीन सुरू झालं की ऐकू काय येणार, कपाळ!

भिंगरी स्लॅलम खेळायची. उतरत्या रस्त्यावर ओळीने प्लास्टिकचे शंकू मांडतात, वीत-दीड वीत उंचीचे, आणि त्यांच्यामधून नागमोडी जायचं. पाय जमिनीला लावायचा नाही. कमरेच्या झोक्यानेच वेग वाढवायचा. शंकू पडला की वेळेत दंड. ती हे सगळं करायची बाजारातल्या ट्रकवर. एकदा तिने फळी आत्यापुढे टाकली. आत्याने चाक हातात धरून हलवलं, तर सगळा सांधा खुळखुळला.

"अगं, हे काय पायाखाली घेऊन फिरतेस? याच्यापेक्षा आमच्या दाराची कडी बरी!"

झालं, आत्याच्या डोक्यात भूत शिरलं. पंपांची कामं बाजूला पडली. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आला, करवतीवर कापला, मिलिंगवर चढला. पहिल्या दोन जोड्या तिने स्वतःच भंगारात फेकल्या. तिसरी जोडी आमची, मी आणि माझा भाऊ. अंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि त्यातून आरपार गेलेला पोलादी अक्ष, चाकं चढवायला. तो अक्ष प्रेसमध्ये दाबून बसवताना जे दुखलं ते अजून विसरलो नाही. पण आत्या प्रत्येक दाबाला "बस्स, बस्स, झालंच" म्हणायची. इतक्या मायेने माझ्याशी पुन्हा कुणी बोललं नाही.

आता जरा नीट ऐका, कारण सगळं रामायण इथेच आहे. स्लॅलममध्ये दोन्ही ट्रक सारखे चालत नाहीत. पुढच्याचा कोन जास्त ठेवतात, म्हणजे फळी जराशी कलली की तो पटकन वळतो. त्याच्या सांध्यातला रबरही मऊ घालतात. मागच्याचा कोन कमी, रबर कडक. तो मुकाट मागून येतो, फळीला धरून ठेवतो. आत्याच्या भाषेत, "पुढच्याने वळायचं, मागच्याने ऐकायचं." हे उलटं झालं, तर वेग आला की शेपूट डोक्याच्या आधी वळू लागते आणि फळी पिसाटते.

पण दिसायला आम्ही दोघे जुळे. कोनातला फरक इतका थोडा की तिरकं धरून पाहिल्याशिवाय कळायचा नाही. रबर दोन्ही पांढरेच. अंगठ्याने दाबले तर कळतं, कुठला मऊ, कुठला कडक. म्हणून आत्याने टोकदार पंच आणि हातोडी घेतली आणि माझ्या बुडाशी एक ठिपका ठोकला, भावाच्या बुडाशी दोन.

"दादा, एक ठिपका पुढे, दोन मागे," ती भिंगरीच्या बाबांना म्हणाली. "बसवताना बघून बसव."

"आता तू मला शिकव," बाबा हसले. "माझे केस काय उन्हात पांढरे झालेत?"

बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी तेही फळीवर उभे राहायचे, म्हणे, आणि देशाच्या संघात जाता जाता राहिले होते. ती हकीकत दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागायची, पंक्चर लहान असो की मोठं. भिंगरीचे गुरूही तेच आणि मेकॅनिकही तेच. तिला पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. "तू चालव. नटबोल्टचं मी बघतो." यात प्रेम होतं हो, नाही कशाला म्हणू? पण त्या प्रेमापायी पोरगी स्वतःच्या पायाखालचा एक नट आवळायला शिकली नाही. ठिपक्यांचं तर तिला माहीतही नव्हतं.

दोन वर्षं आम्ही मजेत काढली. हो, माझ्यासारख्या कडवट ट्रकनेही मजा पाहिलीय. भिंगरीच्या पायांना आमची भाषा कळायची. सांध्यातली प्लास्टिकची वाटी झिजली की बाबांच्या आधी तिला समजायचं. "पुढे काहीतरी करकरतंय," असं म्हणाली की करकरत असायचंच. बाबा वाटी बदलायचे, मधला मोठा नट पाव फेरा आवळायचे, पाव फेरा सैल करायचे, आणि ती दोन शंकू जाऊन परत यायची. "अजून जरासा. हां, आता!" त्या "हां, आता!"साठी मी जगायचो.

मग देशाच्या संघाची निवड चाचणी जाहीर झाली. एकच जागा, एकच दिवस. भिंगरी वीस वर्षांची होती आणि तिच्या तोडीचं त्या उतारावर कुणी नव्हतं.

आणि बाबांच्या मनात आलं की ट्रक चमकले पाहिजेत. आता ट्रक चमकून शंकू काय बाजूला होणार होते? पण नाही. आम्हाला सोडवलं, रंगवाल्याकडे नेलं आणि काळेकुळकुळीत करून आणलं. छान दिसत होतो, खोटं कशाला बोलू. फक्त त्या जाड रंगात आमचे ठिपके बुजले.

निवडीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, दुकानात आम्हाला पुन्हा बसवलं. समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली, आणि बाबांची हकीकत ऐन रंगात आलेली, संघात जाता जाता कसं राहिलं त्याची. हात आपले सवयीने चालले होते. त्यांनी मला उचललं आणि मागे लावलं. भाऊ पुढे गेला. एकदा तिरकं धरून पाहिलं असतं! एकदा रबरावर अंगठा दाबला असता! मी अंगात होतं नव्हतं ते बळ लावून ओरडलो, पण ट्रकचं ओरडणं म्हणजे करकर, आणि नव्या रंगामुळे तीही निघाली नाही.

निवडीच्या दिवशी सरावाची एक फेरी झाली. भिंगरी खाली पोचली ती चेहरा पाडूनच. फळी उचलून चढ चढून बाबांकडे आली.

"बाबा, मागचं माझ्या आधी वळतंय. काहीतरी चुकलंय."

"काही चुकलेलं नाही."

"अहो, खरंच. पाय सांगतायत माझे."

"पायांना काय कळतंय? मी स्वतः आवळलंय सगळं. तुझ्या पोटात गोळा आलाय, दुसरं काही नाही. मोठ्या दिवशी होतं असं. जा, लांब श्वास घे."

तिने फळी उलटी केली आणि आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पाहील, आता हात लावील. पण तिला कधी हात लावू दिलाच नव्हता, तर ती बघणार काय? तिने मान डोलावली. "असेल," म्हणाली.

आठव्या शंकूपर्यंत तिने आम्हाला निव्वळ कमरेच्या जोरावर सांभाळलं. आजही सांगतो, त्या फळीवर दुसरा कुणी तिसऱ्या शंकूलाच आडवा झाला असता. नवव्याला वेग चढला. ती कलली आणि मी वळलो. वळणं हेच माझं काम, मला दुसरं येतंच काय? पण मी मागे होतो. शेपूट एकीकडे, तोंड दुसरीकडे. तिला मी पाडलं. माझ्याच अंगाने पाडलं. ती खांद्यावर आपटली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. माझा अक्ष वाकला. माझं सोडा, तिचा आवाज आला तो मला अजून ऐकू येतो.

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

तीन दिवसांनी बाबांनी दुकानात आम्हाला सोडवलं. अक्ष बघत होते. बघता बघता अंगठा माझ्या रबरावर पडला आणि रबर दबला. त्यांनी भावाचा रबर दाबून पाहिला. पुन्हा माझा. मग खिळा घेतला आणि माझ्या बुडाशी रंग खरवडला. एक ठिपका.

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, कुणी येत नव्हतं. पाना घेतला आणि मला पुढे बसवलं, भावाला मागे. अगदी नीट, पाव फेऱ्याचाही हिशेब ठेवून. इतकं मन लावून त्यांनी आम्हाला आधी कधीच बसवलं नव्हतं. वा रे गुरू!

संध्याकाळी भिंगरी आली, हात गळ्यात बांधलेला. "बाबा, बोर्डात काही सापडलं?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "सगळं जागच्या जागी आहे."

आणि तेव्हा ते होतंच की जागच्या जागी! माणसं खोटंसुद्धा किती जपून बोलतात.

"म्हणजे मीच घाबरले," ती म्हणाली.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "होतं असं," म्हणाले.

त्या हाताचा मला जितका राग आला तितका पडण्याचाही आला नव्हता.

फळी खुंटीवर गेली ती गेलीच. हाड जुळलं, पण भिंगरी पुन्हा उभी राहिली नाही. दुकानात यायची तेव्हा कानावर पडायचं. गाडी शिकायला गेली आणि सोडून आली. नोकरीत वरची जागा देऊ केली तर नको म्हणाली. "ऐनवेळी माझे पाय लटपटतात," असं ती हसत हसत सांगायची, जसं कुणी आपली उंची सांगावी. कपडा घेतला तरी चार जणांना विचारायची, बरा आहे ना? जिच्या पायांना पाव फेऱ्याचा फरक कळत होता, तिचा स्वतःवर कवडीचा विश्वास उरला नाही. बाबा समोर बसून हे ऐकायचे आणि चाकात हवा भरायचे.

आठ वर्षांनी बाबांनी दुकान बंद केलं. आम्ही एका खोक्यातून आत्याकडे गेलो, भंगार म्हणून. "वितळव नाहीतर फेक," असा निरोप होता. पण आत्याने आम्हाला ओळखलं. लेथ बंद केला, मला मांडीवर घेतलं, वाकडा अक्ष प्रेसवर काढून नवा बसवला, नवी वाटी घातली. "बस्स, बस्स, झालंच," म्हणाली. मला भरून आलं.

मग तिने मला उलटं केलं आणि तिचा हात थांबला. सगळीकडे रंग शाबूत आणि एका नखाएवढ्या जागेवरच खरवडलेला. ती कारागीर बाई, तिला समजायला किती वेळ लागणार? रंग दिल्यावर ठिपका शोधायची गरज कुणाला पडते?

तिने फोन लावला. "दादा, निवडीच्या दिवशी ट्रक उलटे होते ना?" पलीकडून काहीतरी आलं, आणि आत्या खाली बसली. "अरे, पण पोरीला..." पुन्हा ऐकत राहिली. "रडू नकोस. बरं. नाही सांगत. नाही म्हटलं ना, दादा."

झालं! आता मूग गिळून बसणारे दोघे झाले. माझी सगळी भिस्त त्या एका बाईवर होती.

तेव्हापासून मी आत्याच्या टेबलावर ड्रॉइंगचे कागद दाबून बसलोय. नवा अक्ष, नवी वाटी, तेल घातलेला सांधा. आज फळी लावा, आज धावतो. पण माझं काम काय, तर पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत. माझं एकच सांगणं आहे, ऐकलंत तर बरं. ज्याच्या भरवशावर तुम्ही उतारावर जाता त्याचा नट एकदा तरी स्वतःच्या हाताने आवळून बघा. आणि पाय काही सांगत असतील, तर समोर कितीही प्रेमाचं माणूस उभं असो, पायांचं ऐका.

गेल्या आठवड्यात भिंगरी आली होती. आत्या लेथवर होती, म्हणून ही टेबलापाशी बसली. हाताला चाळा म्हणून तिने मला उचललं. आठ वर्षांनी! तिचा अंगठा आपोआप रबरावर गेला आणि दाबून बघू लागला. तिला कुणी शिकवलं नव्हतं हो, पण गेला. मग तिने मला उलटं केलं.

"आत्या, याचा रंग इथेच का गं उडालाय? मुद्दाम खरवडल्यासारखा?"

लेथ चालूच होता. आत्याने मान वळवली नाही.

"गंज लागला असेल."

भिंगरीने त्या जागेवरून बोट फिरवलं. ठिपका तिच्या बोटाखाली होता. तिचं बोट तिथे थांबलं. सांगत होतं तिला ते, मला जाणवत होतं.

"असेल," ती म्हणाली. "मला नाही कळत त्यातलं." आणि मला कागदांवर ठेवून दिलं.

भिंगरी, अगं, मी अ‍ॅल्युमिनियमचा आहे. मला गंज चढत नाही. हे तुझ्या आत्याइतकं या जगात कुणालाच माहीत नाही.