फुलाचा गहू बंद

अडीच वर्षांच्या फुलाचं वजन सात किलो भरलं, तेव्हा तिच्या बापानं, महिपतीनं, काट्याकडेच संशयानं पाहिलं. पोरगी मात्र संशयाला जागा ठेवत नव्हती. हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट तेवढं फुगलेलं, आणि दिवसातून सहा वेळा पांढुरके, घाण वासाचे जुलाब. चार वर्षांपूर्वी थोरला मानसिंग याच वाटेनं गेला होता. तेव्हा दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला, आणि तीन वर्षांचा व्हायच्या आतच मानसिंग गेला. फुला हातची जाऊ द्यायची नाही, एवढं महिपतीनं मनाशी पक्कं केलं होतं.

तो मूळचा सांगोल्याकडचा, सोलापुरात चादरीच्या मागावर कामाला. घरात खाणं ज्वारीचं. पण आजारी माणसाला भाकरी वाढणं म्हणजे माणुसकी सोडणं, अशी त्या घराची समजूत. भाकरी जड, गहू हलका; शिवाय गहू मानाचा, सणाला आणि दुखण्याला काढायचा. त्यामुळे पोरगी जितकी वाळत गेली तितका तिच्या ताटातला गहू वाढत गेला. सकाळी रव्याची खीर, दुपारी दुधात कुस्करलेली चपाती, आणि संध्याकाळी राजेसाबच्या बेकरीतला टोस्ट, चहात बुडवून. टोस्ट महिपती स्वतः आणायचा. लाड करण्याची त्याला एवढी एकच रीत ठाऊक होती, आणि तिच्यात काही चुकत असेल असं बापजन्मात त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते दवाखान्यातल्या डॉक्टर हेमावतीबाईंनी. बाई अक्कलकोटकडच्या, तिशीतल्या, बोलणं कानडी वळणाचं आणि तुटक. फुला काय काय खाते ते त्यांनी महिपतीच्या बायकोकडून, दगडाबाईकडून, वेळेनुसार वदवून घेतलं आणि म्हणाल्या, "गहू बंद. कणभरसुद्धा नको. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळ, अंडं, काय हवं ते द्या."

"आजारी लेकराला भाकर, बाई?" महिपती म्हणाला. "लोक तोंडात श्यान घालतील की."

बाईंनी एक जाड पुस्तक काढून त्यातलं चित्र त्याच्यापुढे धरलं. हजारो पटींनी मोठं केलेलं होतं म्हणे. महिपतीला नुसत्या करड्या भिंती दिसल्या.

"आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे पेशींची एकच रांग," बाई म्हणाल्या. "दोन पेशींमध्ये फट असते, पण वरच्या टोकाला ही काळी रेघ बघा. इथं शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. पाणी, मीठ जाण्यापुरत्या सैल होतात, परत आवळतात. जंतू आणि न पचलेलं अन्न अडवतात. काही लेकरांना गव्हातलं एक द्रव्य सोसत नाही. अस्तर झिजतं, हे सांधे ढिले पडतात. नको ते आत शिरतं आणि हवं ते अंगी लागत नाही."

"आदी सांदं सुटत्यात का आदी अस्तर झिजतं?" महिपतीनं विचारलं. मागावरचा माणूस, दोष कुठून सुरू झाला ते त्याला आधी लागायचं.

"ते पुस्तक लिहिणाऱ्यांनाही अजून ठरवता आलेलं नाही. आणि तुमच्या पोरीला हेच आहे याची मलाही खात्री नाही. त्यासाठी आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, ती सोय इथं नाही. गहू थांबवून बघू. या पेशी चार-पाच दिवसांनी नव्या येत असतात. त्रास थांबला की सांधे हळूहळू जुळतील, आणि पोरगी आपणच सांगेल."

दगडाबाईनं पथ्य असं पाळलं की चपातीचा तवासुद्धा फुलाच्या भाकरीला लागू दिला नाही. शेजारणी टोमणे मारायच्या, ती खाली मान घालून ज्वारीच्या कण्या शिजवायची. तीन आठवड्यांत जुलाब दोनवर आले. पोरगी हसायला लागली. वजन थोडं का होईना, वर सरकलं.

इथे महिपतीचं मन ढिलं पडलं. एका संध्याकाळी शेजारचं पोर टोस्ट खात होतं आणि फुलानं त्याच्यापुढे हात पसरला. आपली लेक दुसऱ्याच्या दारात हात पसरते, हे त्याला सोसवलं नाही. तिला कडेवर घेऊन तो बेकरीवर गेला. अर्ध्या टोस्टानं काय होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही तेच समजावलं. बायकोला काही बोलला नाही.

बारा दिवसांनी फुला पुन्हा होती तिथेच येऊन पडली.

हेमावतीबाईंनी काटा पाहिला आणि खुर्चीत मागे टेकल्या. "माझाच अंदाज चुकला. गहू बंद करूनही उलटलं म्हणजे रोग दुसरा आहे. उद्यापासून तिला नेहमीचं खाणं द्या. मी क्षयाची औषधं चालू करते."

"म्या एक कण दिला न्हाय, बाई," दगडाबाई म्हणाली. तिचा आवाज फुटत होता.

"ठाऊक आहे. म्हणून तर म्हणते."

बाई लिहू लागल्या. मागावर कुणी आपली चूक लपवली की दोष सुतावर जातो आणि चांगलं सूत परत धाडलं जातं, हे महिपतीनं वीस वर्षं पाहिलं होतं. आता गप्प राहिलो तर पोरगी गेली, एवढं त्याला लख्ख कळलं. लाजही इतकी वाटली की त्यानं भिंतीकडे बघत तोंड उघडलं.

"म्या दिला, बाई. टोस्ट. रोज अर्दा, बारा दिस."

दगडाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंनी मात्र लिहिलेली ओळ खोडली.

"म्हणजे रोग हाच. आजपासून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. पोरगी सुधारेल."

महिपतीला हायसं वाटलं, आणि ते पुरतं वाटायच्या आत दुसरंच मनात आलं.

"आमच्या थोरल्यालाबी ह्योच रोग आसंल?"

"असू शकेल," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही. "आता सांगता येणार नाही."

"त्येलाबी मीच चारायचो. लई चारलं. गेला त्या दिवशीबी."

त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं पुसलेही नाहीत. दगडाबाईनं फुलाला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घरात मी काय कमी चारलं? दोगांनी चारलं," ती म्हणाली. "आता हिला न्हाय म्हनायलाबी दोगं पायजेत."