मेघाच्या हाताचं माप

श्रेयाला नाचणीची पेज भरवता भरवता मेघानं फोन उघडला आणि चमचा तसाच हवेत राहिला.

सोमनाथनं व्हिडिओ पाठवला होता. कातळाच्या कडेला गुडघे टेकून बसलेला तिचा नवरा, पँट मांडीपर्यंत ओली, आणि दोन्ही हातांत एक मोठा पालू. पालू म्हणजे समुद्रातल्या खडकांच्या कपारीत राहणारा मासा. पाठ उंच, अंग चंदेरी, आणि कालवं फोडून खाणारा, म्हणून दात असे की बोट सापडलं तर सोडायचा नाही. सोमनाथनं तो पाण्यात उतरवला, तोंड लाटेकडं केलं, पोटाखाली तळहात धरून माशाला दम येईपर्यंत हळूहळू मागंपुढं हलवत राहिला. शेपटी एकदा हलली, मग जोरात हलली, आणि मासा त्याच्या हातातून सुटून खोल हिरव्या पाण्यात गेला. सोमनाथ त्या पाण्याकडं असा काही बघत होता, की श्रेया झाली त्या दिवशी तिच्याकडंसुद्धा त्यानं असं बघितलं नव्हतं. तेव्हा तर तो बाळाला उचलायलाच घाबरायचा. कुठं काही मोडलं बिडलं तर, म्हणायचा.

मासा मात्र कसा नीट धरला होता.

पण मेघाला लागलं ते हे नव्हतं. त्याच्या आधीचं होतं. मासा सोडायच्या आधी अप्पांनी, म्हणजे मेघाच्या वडिलांनी, तो सोमनाथच्या हातावर आडवा ठेवला होता. मोजायला. आणि व्हिडिओ काढणारा अतुल, तिचा भाऊ, मागून म्हणत होता, "जावईबापू, आता तुम्ही आमच्यातले झालात."

तिनं ते परत बघितलं. मग पुन्हा एकदा. श्रेयानं पेज हनुवटीवरून ओघळू दिली आणि आईच्या हातातल्या फोनकडं सवतीकडं बघावं तसं बघितलं.

त्या कातळावर माप मेघाच्या हाताचं होतं. रत्नागिरीजवळच्या त्यांच्या वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पा आंब्याची बाग राखायचे आणि बागेतून सुटले की तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, आणि गळ घेऊन कातळावर जायचे. अतुल पाण्याला भ्यायचा, म्हणून बरोबर मेघा. मासा वर आला की अप्पा म्हणायचे, "मेघा, हात आण." कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मासा भरला तर घरी न्यायचा, बाहेर गेला तर परत पाण्यात. अप्पांचं म्हणणं असं, की पालू लहान असतो तोवर नर असतो आणि वाढला की त्याची मादी होते. म्हणजे मोठ्या तेवढ्या सगळ्या आयाच. आईला घरी आणून तळायचं नसतं. अप्पांचा स्वतःचा हात चांगला लांबसडक होता, पण तो त्यांनी कधी लावला नाही. मेघा लहान, हात चिमुकला, त्यामुळं खायजोगे मासेही परत जायचे आणि घरी आई करवादायची, की पोरीचा हात वाढेपर्यंत आम्ही काय नुसता आमटीभात खायचा का. हात वाढला. वाढायचा थांबला. माप तिथंच ठरलं.

आणि सोमनाथ? कन्नड तालुक्यातल्या पिशोरचा. लग्नाआधी त्यानं विहीर बघितलेली आणि धरण बघितलेलं. पहिल्यांदा सासुरवाडीला आला तेव्हा ओहोटीला मागं गेलेलं पाणी बघून त्यानं अप्पांनाच विचारलं होतं, की हे पाणी जातं कुठं. सगळी वाडी महिनाभर हसत होती. गळ बांधायला त्याला मेघानं शिकवलं. शेवाळावर पाय कसा टाकायचा, लाटेकडं पाठ का करायची नाही, सोडताना माशाचं तोंड कुठं ठेवायचं, सगळं मेघानं. मग तिला दिवस गेले. मग बाळंतपण, टाके, मग श्रेयाचे दात, मग घाटातला प्रवास बाळाला सोसणार नाही. वर्ष होऊन गेलं, तिनं समुद्र बघितला नव्हता. सोमनाथ मात्र वाळूजच्या कंपनीतून सुट्टी मिळाली की रातोरात बस धरून तिच्या माहेरी. तिच्या कातळावर, तिच्या बापाशेजारी. आणि ती इथं शहरात, छावणी भागातल्या भाड्याच्या घरात, आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाकडं कान लावून.

"काय बघती गं येवढं?" वच्छलाबाईंनी विचारलं. नातीला सांभाळायला सासूबाई पिशोरहून येऊन राहिल्या होत्या.

"मासा धरलाय ह्यांनी."

वच्छलाबाईंनी फोन लांब धरून, डोळे बारीक करून सगळा व्हिडिओ बघितला. "आन सोडून दिला व्हय?"

"हो."

"मंग गेला कशाला येवढ्या लांब?" त्या म्हणाल्या. "नाय धरायचा तर हितं घरी बसून बी नाय धरता आला असता."

मेघाला हसू आलं, पण ते आतपर्यंत पोचलं नाही.

दुपारी सोमनाथचा फोन आला. नुसता उतू जात होता. अप्पांनी त्याला कपारीतली नवी जागा दाखवली. अप्पा म्हणाले, हात हलका झालाय. अप्पांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. मेघा ऐकत होती आणि त्यातला एकेक 'अप्पा' तिला खड्यासारखा टोचत होता. कपारीतली कसली नवी जागा? ती तर अप्पांनी तिला ती दहावीत असताना दाखवली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. वाडीतल्या बायका म्हणतात ते खरंच होतं, बाप आणि भाऊ जावयालाच धरून असतात. पण ते पंगतीत, मानपानात. कातळावरही?

तो दम खायला थांबला तेव्हा ती म्हणाली, "सगळं समुद्रालाच परत देतोस. मला दर वेळी व्हिडिओ. व्हिडिओ तळता येत नाही."

"काय आणू मग?"

"मोठा पालू आण. सोडू नकोस."

"पण अप्पा..."

"माझ्यासाठी आण, म्हटलं."

आपण काय मागतोय हे तिला पक्कं माहीत होतं. मासा तर तिला हवाच होता, पण त्याहून जास्त तिला हवं होतं ते हे, की सोमनाथनं अप्पांच्या डोळ्यांदेखत त्यांचा नेम मोडावा आणि त्यांच्या मनातून थोडा उतरावा. फार नाही. तिच्या जागेवरून उठण्यापुरता. फोन ठेवल्यावर तिनं श्रेयाला उचलून छातीशी धरलं. श्रेया तिच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालून शांतपणे चघळत राहिली.

सोमवारी सकाळी सोमनाथ थर्माकोलचा खोका घेऊन दारात उभा राहिला. एरवी आल्या आल्या गोष्टी सुरू व्हायच्या. आज त्यानं खोका ओट्यावर ठेवला, श्रेयाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोरीत पाय धुवायला गेला.

मेघानं झाकण काढलं. बर्फाबरोबर खाऱ्या पाण्याचा वास आला. चिकटपट्टी फार काळजीपूर्वक लावलेली होती, कोपरे दुमडून. तसे कोपरे अप्पाच दुमडतात. मासा भलाथोरला होता. छावणीच्या बाजारात मासेवाला धरणातले रोहू-कटले विकतो, त्यांना चिखलाचा वास येतो. ह्याचे खवले अजून चकाकत होते. तिच्याही नकळत तिचा हात त्याच्या बाजूला गेला. कोपर तोंडापाशी लावला. शेपूट बोटांच्या पुढं गेली होती. चांगली दोन बोटं.

सासूबाई बाहेर कपडे वाळत घालत होत्या, म्हणून तिनं नावानं हाक मारली. "सोमनाथ, ही माझ्या हाताबाहेर जातेय."

"माहितीय."

"तुझ्या हातात बसत असेल."

"बसतीय. पण माझ्या हातानं कुठं मोजतात?"

तिला कळलं नाही. मग त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, बाही सरकवली आणि स्वतःच्या हातावर, कोपराच्या चार बोटं अलीकडं, अंगठा टेकवला.

"अप्पा दर वेळी इथं अंगठा धरतात. मेघाचा हात इथवर, म्हणतात. पहिल्यांदा मी म्हणालो, अप्पा, माझा कोपर लांब राहिला की मागं. तर म्हणाले, माप तिचं आहे, तुम्ही नुसती पट्टी."

मेघाचा हात माशाशेजारी तसाच राहिला.

"काल तुझ्या फोननंतर ही वर आली. अप्पांनी अंगठा धरला, मोजली आणि पाण्यात सोडायला वाकले. मी म्हणालो, मेघानं मागितलीय." तो टॉवेलच्या टोकाशी चाळा करत राहिला. "मंग त्यांनी अंगठा काढून घेतला. पुन्हा काय बोलले नाय. बर्फ तेवढा स्वतः भरला."

तिनं हात पुसला आणि फोनमधला रविवारचा व्हिडिओ काढला. मासा सोमनाथच्या हातावर आडवा, आणि मनगटाच्या बऱ्याच वर, कोपराच्या अलीकडं, अप्पांचा अंगठा. आंब्याच्या चिकानं काळं पडलेलं नख. किती वेळा बघितलं होतं तिनं, आणि प्रत्येक वेळी तिला दिसला तो फक्त नवऱ्याचा हात. तिथं तिचाच हात होता. वर्षभर होता. तिनंच तो आपल्या हातानं काढून घ्यायला लावला.

मासा टाकून देता येत नव्हता. तिनं विळी घेतली. खवले भिंतीवर उडाले, पाळण्यातल्या श्रेयाच्या दंडावरही एक जाऊन बसला, आणि वच्छलाबाईंनी आत येऊन आधी पाण्याच्या पिंपात डोकावून बघितलं. येवढ्या एका माशाला दोन कळशा पाणी लागलं तर नळ येईपर्यंत चूळ कशानं भरायची, असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढ्यात मेघानं पोट उघडलं आणि आतून अंड्यांची गाबोळी निघाली. पिवळीधमक, टच्च भरलेली, दोन्ही बाजूंना.

वच्छलाबाईंचं बोलणं थांबलं. "पोटुशी व्हती का गं ही?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"हो, आई."

पाळण्यात श्रेया कुरकुरायला लागली, आणि मेघाचा पान्हा भरून आला. हात माशानं माखलेले. ती तशीच उभी राहिली, ब्लाउज ओला होईपर्यंत. सोमनाथनं श्रेयाला उचलून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि तो हळूहळू मागंपुढं डुलत राहिला. पोटाखाली तळहात धरून.

तिनं माहेरून आलेली तिरफळं काढली, आमसुलं भिजत घातली आणि नारळ वाटून आमटी केली. गाबोळी हळद-मीठ लावून तळली. सोमनाथ एक घास खाऊन नुसताच भात कालवत बसला. वच्छलाबाईंनी गाबोळीचा तुकडा आधी बोटानं दाबून बघितला, मग खाल्ला, मग दुसरा घेतला. "काटा नाय, काय नाय. लई ग्वाड लागती," त्या म्हणाल्या, आणि जरा ओशाळून सुनेकडं बघितलं. मेघानंही खाल्ली. चव तीच होती, लहानपणची. ती बिघडली असती तर बरं झालं असतं.

जेवणं झाल्यावर तिनं अप्पांना फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, बागेचं झालं, श्रेयाच्या दातांचं झालं.

"केवढी होती गो?" अप्पांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"माझ्या हाताबाहेर दोन बोटं."

"हात वाढला नाही म्हणजे तुझा."

"नाही अप्पा."

पलीकडं कुठंतरी कोंबडी ओरडत होती. अप्पा खाकरले. "मग घेऊन ये तो. जावयाच्या हातावर धरून धरून माझा अंगठा भरून आलाय. आणि पोरीला टोपी आण, वारा असतो."

फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि मन कधी नव्हे ते हलकं झालं होतं. सोमनाथ श्रेयाला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"पुढच्या सुट्टीला आपण तिघं जायचं," मेघा म्हणाली. "तू श्रेयाला घेऊन वाळूत बसायचं."

"आणि कातळावर?"

"मी आणि अप्पा."

"अन् मी?"

"तिथं दोघांपुरतीच जागा आहे."

नव्हतं तसं. तिघं आरामात बसत. सोमनाथला तेही ठाऊक होतं, वर्षभर तो तिथंच बसत होता. त्याचा चेहरा मुलासारखा पडला, आणि मेघाला तो पडलेला बघून जरासं, खोटं कशाला बोला, बरंच वाटलं.

"मी व्हिडिओ पाठवीन की," ती म्हणाली.

तो फुगून बसला. मग त्यानं श्रेयाचा हात उचलून तिच्यापुढं धरला. कोपर ते बोटं, सगळा मिळून लाटण्याच्या मुठीएवढा. "मग हिच्या हातानं मोजा. म्हणजे सगळेच परत जातील आणि कुणी कुणावर रुसायचं काम नाय."

मेघा हसली. हसता हसता तिचं लक्ष त्या हाताकडं गेलं. मनगटावर दुधाच्या वळ्या, आणि दंडावर अजून चिकटलेला एक खवला. हा हात वाढेल. टोपी घातलेली ही पोरगी एक दिवस अप्पांच्या शेजारी उकिडवी बसेल आणि अप्पा म्हणतील, श्रेया, हात आण.

खवला काढायला ती वाकली आणि त्या बोटांचा पापा घेतला. आणि तेवढ्यातच, आपल्याच लेकीचा, अगदी पुसट, निसटता हेवा तिला वाटून गेला.