आगीत घालू नये अशी पट्टी

जहांगीर लोहाराला ती पट्टी पहिल्यापासूनच आवडली नाही. नासेरने रुमालाच्या घडीतून काढून ती ऐरणीवर ठेवली, तेव्हा दुपारच्या उन्हात ती अशी लखलखली की जहांगीरने आधी रस्त्याकडे पाहिलं, कोणी बघत तर नाही ना म्हणून.

नासेर कुरुंद्याचा. लढाईच्या काळात तो हैदराबादकडे लष्कराच्या एका कारखान्यात कामाला होता. लढाई संपली, काम सुटलं आणि तो गावी परतला. त्याच्या घरून जहांगीरच्या एकुलत्या एका लेकीसाठी, कमरुन्निसासाठी, लग्नाचा पैगाम आला होता. जहांगीरने अजून होकार दिला नव्हता. पोरगा चांगला दिसतो. पण दिसतो तसा आहे का, हे कसं कळावं?

पट्टी हातभर लांब, दोन बोटं रुंद, दोन्ही अंगांनी सपाट. मुमानीसाठी हिचं विळीचं पातं करा, असं नासेरने सांगितलं. मुमानी म्हणजे मामी, जहांगीरची बायको मदीनाबी. ती लिंबाचं लोणचं घालून कळमनुरीच्या बाजारात विकायची. लोखंडी विळीवर लिंबं चिरली की पातं काळं पडायचं आणि फोडींना लोखंडाची चव लागायची. पातं राखेने घासून घासून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. या पट्टीला लिंबू, मीठ, पाणी काही म्हणता काही बाधणार नाही, असं नासेरचं म्हणणं.

"लोखंड हाय आन् गंजत न्हाई?" जहांगीरने विचारलं.

"इस्टेनलेस म्हनतात हिला, मामू."

मग नासेरने कारखान्यातल्या मिस्त्रीकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. लोखंड वितळलेलं असतानाच त्यात क्रोमियम आणि निकेल हे दोन धातू मिसळतात. त्याची लादी ओततात. ती लालभडक असतानाच जाडजूड रुळांमधून पुन्हा पुन्हा दाबून काढतात, चरकातून ऊस काढावा तशी, आणि चपटी होत होत तिची पट्टी होते. शेवटी तेजाबात धुऊन वरचा काळा थर काढतात. हवा लागली की तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी साय धरते. ओरखडा पडला तरी ती साय पुन्हा धरते. म्हणून दवाखान्यातली हत्यारं आणि दुधाची मोठी भांडी याच पोलादाची करतात.

निघताना तो उंबऱ्यापाशी थांबला. "एक करा, मामू. थंडच कापा, कानशीनं धार लावा. आगीत घालू नका. भट्टीत राह्यली तर तिचा गुन जातो."

तिथेच जहांगीरच्या मनात पाल चुकचुकली. आगीला भिणारं लोखंड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने चुंबक लावून पाहिला, पट्टी चिकटेना. कानस घासून पाहिली, तर चांदीसारखी मऊही लागेना. मागच्याच महिन्यात कुरुंद्याकडे कोणाच्या तरी देव्हाऱ्याची चांदीची पट्टी उखडून नेल्याचं बाजारात बोलत होते. चोर चांदीत दुसरं काही मिसळून तिचं रूप बदलतात, असंही त्याने ऐकलं होतं. आणि चांदी आगीत वितळते. म्हणूनच तर पोरगा आगीचं नाव काढू देत नाही! चोराच्या घरी लेक द्यायची?

मदीनाबी बाजारात गेल्यावर त्याने भाता ओढला आणि अर्धी पट्टी निखाऱ्यांत सारली. ती लाल झाली, मग नारिंगी झाली. जहांगीर वाट पाहत राहिला. थेंबसुद्धा पाझरला नाही. चांदी नव्हतीच ती. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. त्याने पट्टी राखेत निवू दिली. बाहेर काढली तेव्हा तिचं अर्धं अंग काळंनिळं झालं होतं. वाळूने आणि चिंचेने घासून त्याने ते पुन्हा चकचकीत केलं, पातं करून विळीला बसवलं, आणि कोणाला काही बोलला नाही.

पुढच्या बाजाराच्या आतच पात्याच्या टोकाकडच्या अर्ध्या भागावर तांबूस ठिपके उमटले. मदीनाबीने विळी नवऱ्यापुढे आणून आपटली. "पाहा तुमच्या जावयाचं इस्टेनलेस. ज्यानं विळीत फसवलं, तो संसारात काय सांभाळील? नको म्हनून कळवा."

जहांगीरने नुसती मान डोलावली. नकार कळवला की विषय संपत होता, आगीचं कोणाला सांगावं लागत नव्हतं.

पण निरोप जायच्या आत नासेरच दारात आला. मदीनाबीने त्याला पाणीही विचारलं नाही. विळी तेवढी पुढे सरकवली. त्याने पात्यावरून बोट फिरवलं. पाटाकडचा भाग कोरा होता. ठिपके सुरू होत होते तिथे बोट थांबलं. त्याने मान वर करून जहांगीरकडे पाहिलं, आणि तपासणारी ती नजर जहांगीरला ओळखीची वाटली. इतके दिवस ती जहांगीरची स्वतःचीच होती.

"हिला आगीत कोनी घातलं, मामू?"

मदीनाबीही नवऱ्याकडे पाहू लागली. आतल्या दारामागे कमरुन्निसाच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

"मी घातलं," जहांगीर म्हणाला.

"काहून?"

"चांदी वाटली. चोरीची."

नासेरने विळी अलगद मदीनाबीपुढे ठेवली. "मुमानी, पाटाकडच्या भागावर चिरा, तो चांगला हाय." आणि जहांगीरकडे वळून तो म्हणाला, "आमच्या घरून पैगाम आला व्हता, तो परत गेला समजा. आता लेक द्यायची असंल तर तुमी कुरुंद्याला या. माझ्या अब्बासमोर."

मुलीच्या बापाने पैगाम घेऊन जायचं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. नासेर गेल्यावर जहांगीर भात्याजवळ बसून राहिला. मदीनाबीने त्याचा धुतलेला कुर्ता आणून मांडीवर टाकला.

"तिथं काय सांगनार?" तिने विचारलं.

"चोर समजलो व्हतो, ते."

"आन् त्यांनी हाकललं तर?"

जहांगीरने कुर्ता अंगात घातला आणि कुरुंद्याकडे जाणारी बैलगाडी गाठायला तो बाहेर पडला.